खुर्ची, खिडकी आणि कॅलेंडर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना खुले पत्र

टेबलं कुठे लागणार, दिवे कुठले बसणार, मीटिंग किती वाजता होणार आणि निरोपाला किती वेळात उत्तर यायला हवं हे ठरवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

‘कामाचा उरक वाढवा’ असं परिपत्रक काढायला दहा मिनिटं पुरतात. त्यातलं सगळं सहसा काम करणाऱ्याच्याच पदरात टाकलेलं असतं: लवकर उठा, यादी करा, फोन बाजूला ठेवा. सल्ले चुकीचे नाहीत. पण ज्याच्या पाठीमागून सतत कुणीतरी ये-जा करतं, ज्याच्या स्क्रीनवर खिडकीचा उजेड चमकतो आणि ज्याची सकाळ तीन मीटिंगांनी कुरतडलेली आहे, त्याने यादी करून काय साधणार? यातली एकही गोष्ट बदलायचा अधिकार त्याच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

बदल करायचे ठरले की बहुतेक ठिकाणी क्रम उलटा लागतो. आधी रंगरंगोटी, मग नवं फर्निचर, आणि कॅलेंडरला कुणी हातच लावत नाही. आमच्या मते सुरुवात कॅलेंडरपासून करावी, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि फरक सगळ्यात आधी तिथेच दिसतो.

सकाळी साडेनऊ ते एक, असे साडेतीन तास धरा. त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन मीटिंगा, एक साडेदहाला, दुसरी बाराला. कागदावर कामाला अडीच तास उरले. पण त्यांचे तुकडे तीन झाले. दर तुकड्यात काम पुन्हा हातात बसायला २० मिनिटं जातात. शिवाय प्रत्येक मीटिंगच्या आधीची १० मिनिटं ‘आता कुठे नवीन काढायचं’ म्हणून जातात. एकूण ८० मिनिटं यातच गेली, उरली ७०. आता त्याच दोन मीटिंगा बारा ते एक अशा पाठोपाठ लावा. तुकडा एकच, त्यातून ३० मिनिटं वजा केली तरी सलग दोन तास हाती राहतात. हिशेब अंदाजाचा आहे आणि लेखन, आकडेमोड, कोड, आराखडे अशा डोकं गुंतवणाऱ्या कामांसाठी धरलेला आहे. साध्या नोंदी करणाऱ्याला बसायला इतका वेळ लागत नाही. पण तुमच्या विभागाचं मागच्या आठवड्याचं कॅलेंडर समोर घेऊन हीच वजाबाकी करून बघा. दीड तासाहून मोठे सलग तुकडे प्रत्येकाला किती मिळाले ते मोजा. काही जणांच्या नावापुढे शून्य येईल, आणि बऱ्याचदा ती तुमची सगळ्यात अनुभवी माणसं असतील.

एका कामातून दुसऱ्यात जाताना पहिल्याचा काही भाग मनात रेंगाळतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. काम अर्धवट सुटलं असेल तर ते जास्तच रेंगाळतं. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑफिसांत प्रत्यक्ष बसून नोंदी केल्या, तेव्हा मध्येच तुटलेल्या कामाकडे परत यायला सरासरी २० मिनिटांहून जास्त वेळ लागत असल्याचं दिसलं, कारण माणूस मधल्या वेळात आणखी एक-दोन कामांना हात लावून येतो. याच मंडळींचा २००८ चा एक निष्कर्ष मात्र मॅनेजरला फसवणारा आहे. व्यत्यय आले तरी लोकांनी काम वेळेत संपवलं, उलट थोडं लवकरच. फक्त ताण, चिडचिड आणि घाई वाढली. म्हणजे ‘आमच्याकडे सगळे सांभाळून घेतात’ हे खरं असेलही. ते कशाच्या जिवावर सांभाळतात ते महिनाअखेरच्या अहवालात येत नाही.

यावर उपाय म्हणजे ठरलेली शांत वेळ. ती अशी लावा. आठवड्यातले तीन दिवस, दोन-दोन तास, सगळ्या विभागांना एकच वेळ. समजा मंगळवार, बुधवार, गुरुवार, साडेनऊ ते साडेअकरा. रोजची ठेवली तर दुसऱ्या आठवड्यापासून अपवाद सुरू होतात. या वेळात मीटिंग नाही, टेबलाशी जाऊन ‘एक मिनिट’ नाही, आणि निरोपांना उत्तराची अपेक्षा नाही. रोज एक जण पाळीने ‘दारावर’ राहील. बाहेरून आलेलं सगळं त्याच्याकडे जाईल, आणि त्या दिवशी त्याच्याकडून शांत कामाची अपेक्षा ठेवायची नाही. ‘तातडीचं’ म्हणजे काय ते तीन ओळींत लिहून भिंतीवर लावा: चालू यंत्रणा बंद पडली, कुणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, किंवा आज संपणारी बाहेरची मुदत आहे. असं काही असेल तर निरोप टाकायचा नाही, थेट फोन करायचा. मग फोन वाजला नाही म्हणजे तातडीचं काही नाही, हे लोकांना कळतं आणि निरोपांची खिडकी निर्धास्त बंद करता येते.

ही व्यवस्था कुठे मोडते तेही ठरलेलं आहे. लेखा विभागाची शांत वेळ सकाळी आणि खरेदी विभागाची दुपारी असेल, तर दोघांनाही ती मिळत नाही. ज्यांचं कामच उत्तर देणं आहे, म्हणजे स्वागतकक्ष किंवा ग्राहक मदत, त्यांना सरसकट यात ओढलं तर बाहेरचे खोळंबतात. त्यांचे दोन गट करा आणि वेळ आलटून पालटून द्या. तिसरी अडचण फारशी दिसत नाही. शांत वेळ मिळते, पण काय करायचं ते ठरलेलं नसल्याने माणूस तुंबलेले मेल उपसत बसतो. आदल्या संध्याकाळी, निघायच्या आधी, उद्याच्या दोन तासांचं एकच काम कागदावर लिहून ठेवायची सवय लावली तर हे टळतं. ‘अहवाल’ एवढंच लिहून भागत नाही. ‘अहवालाचा तिसरा भाग, तक्त्यासकट’ इतकं नेमकं लिहावं लागतं.

दुपारचं थोडक्यात. साधारण एक ते तीनच्या दरम्यान सतर्कता उतरते. जेवण जड असेल तर जास्त, पण न जेवताही ती थोडी उतरतेच, कारण शरीराच्या दिवसभराच्या लयीचाच तो भाग आहे. नोंदी, फायलिंग, फोन, चालत चालत बोलून होतील असे विषय त्या वेळेला द्या. दोन वाजता, मंद दिवे, बंद दार आणि प्रोजेक्टर अशा खोलीत प्रशिक्षण ठेवणाऱ्यांनी मात्र पेंगणाऱ्यांवर कारवाई करू नये. झोपेची तयारी तुम्हीच केली आहे.

आता हातातल्या कामांच्या संख्येबद्दल. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं एक सूत्र प्रत्येक विभागप्रमुखाच्या टेबलावर असायला हवं: चालू कामं भागिले रोज संपणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी दिवस. एकाच्या हातात १२ प्रकरणं आहेत आणि रोज २ निकालात निघतात, तर नव्या प्रकरणाला ६ दिवस लागणार. तेरावं ‘जरा लगेच बघा’ म्हणून वरून टाकलंत तर ते लगेच होतं, बाकीची बारा मागे सरकतात. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण याच गणिताची. म्हणून हातात घ्यायच्या कामांवर मर्यादा घाला. एकेकाकडे अवघड कामं एका वेळी दोन, फार तर तीन. नवं घ्यायचं तर आधीचं एक संपवून किंवा लेखी बाजूला ठेवून.

याच्या जोडीला रांगेचं गणित. कामं केव्हाही येतात आणि करणारा एकच आहे असं धरा. तो ८० टक्के गुंतलेला असेल तर तासाभराच्या कामाला आपली पाळी येईपर्यंत सरासरी ४ तास थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९ तास, ९५ टक्क्यांना १९. वेळापत्रक काठोकाठ भरलं की उरक वाढतो असं वाटतं. वाढते ती रांग. कॅलेंडरमध्ये रोज तास-दीड तास मोकळा दिसला की तो भरायची हौस आवरा.

तास वाढवायचा मार्ग तर शंभर वर्षांपूर्वीच तपासून झाला आहे. जर्मनीतल्या येना इथल्या झाइस या भिंगांच्या कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० मध्ये दिवस ९ तासांवरून ८ तासांवर आणला, आणि उत्पादन घटलं नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कामगारांचे आकडे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्काव्हेल यांनी २०१४ मध्ये पुन्हा मांडले. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं, पुढे ते मंदावलं, आणि ७० तासांचं उत्पादन ५६ तासांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. हे अंगमेहनतीचं काम होतं. डोक्याच्या कामात जादा तास याहून जास्त फळतील असं मानायला आम्हाला कारण दिसत नाही.

आता जागेकडे. जागेतला सगळ्यात मोठा शत्रू आवाज, आणि तोही मोठा आवाज नव्हे तर कळणारे शब्द. पंख्याची घरघर मन ऐकून सोडून देतं. शेजारचा फोनवर बोलत असेल तर मन वाक्यामागे जातं, आणि अर्धंच संभाषण कानावर येत असल्याने उरलेलं अर्धं स्वतः भरत बसतं. मोकळ्या ऑफिसातला आवाज मोजायच्या आयएसओ ३३८२-३ या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी एक अंतर ठरवलेलं आहे: बोलणाऱ्यापासून किती दूर गेल्यावर शब्द स्पष्ट कळेनासे होऊन लक्ष वेधायचे थांबतात. हे अंतर ५ मीटरच्या आत असेल तर जागा चांगली, १० मीटरच्या पुढे गेलं तर वाईट. उपकरण नसलं तरी अदमास घेता येतो. एकाला खुर्चीत बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचायला सांगा आणि मागे मागे जात राहा. शब्द निसटायला लागले की थांबा आणि तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा.

दुरुस्तीचा क्रम छतापासून. छत सिमेंटचं उघडं असेल तर टेबलांमध्ये कितीही पडदे उभे केले तरी आवाज छतावर आपटून पलीकडे उतरतो. आधी आवाज शोषणाऱ्या टाइल लावाव्या लागतात. मग टेबलांमध्ये जमिनीपासून किमान १३० ते १४० सेंटिमीटर उंचीचे, कापडी, आतून भरलेले पडदे. काचेचे नकोत, काच आवाज परतवते. त्यानंतरही शब्द कळत असतील तर छतातून ४० ते ४५ डेसिबलचा एकसुरी, वाऱ्यासारखा आवाज सोडतात, त्यात शब्द बुडतात. तो ४५ च्या वर नेला की माणसं त्याच्यावर आवाज चढवून बोलायला लागतात. उलट अगदी निःशब्द हॉलमध्ये कोपऱ्यातली कुजबुजही सगळ्यांना ऐकू जाते. हेडफोन वाटून प्रश्न सुटत नाही, कारण गाण्याला शब्द असले की पुन्हा तेच. फोनसाठी छोट्या बंद खोल्या केल्या असतील तर त्यांच्यात हवा खेळवणारा पंखा आहे का ते बघा. नसेल तर माणूस थोड्या वेळात घुसमटून बाहेर येतो आणि तोच फोन तुमच्या हॉलमध्ये पूर्ण करतो.

‘भिंती काढल्या की लोक एकमेकांशी बोलतील’ ही समजूतही एकदा तपासा. बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांत बदलाच्या आधी आणि नंतर मोजमाप केलं, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. मोकळ्या मांडणीनंतर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि मेल-निरोप वाढले. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस कान झाकून घेतो.

हवेचा हिशेब कुणीच करत नाही, म्हणून तो इथे करून दाखवतो. बसून काम करणारा माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ४० घनमीटरची मीटिंगची खोली, म्हणजे साधारण १३ चौरस मीटर आणि तीन मीटर उंच, त्यात आठ जण. तासाला १४४ लिटर. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. बाहेरची हवा अजिबात येत नसेल तर अर्ध्या तासात आकडा २,२०० च्या आसपास जातो. दाराच्या फटींमुळे प्रत्यक्षात थोडा कमी. ‘पण एसी चालू आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची आणत नाही. हार्वर्डच्या २०१६ च्या एका प्रयोगात हा वायू वाढला तसे निर्णयाच्या चाचण्यांतले गुण घसरले. सहभागी २४ होते आणि इतर सगळ्या अभ्यासांत इतका स्पष्ट परिणाम दिसलेला नाही. पण खोलीतली हवा किती शिळी झाली आहे याची खूण म्हणून हा आकडा उपयोगी आहे. एनडीआयआर सेन्सरचं, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट हाच वायू मोजणारं, मीटर घ्या. फार स्वस्त उपकरणं दुसरेच वायू मोजून त्यावरून अंदाज छापतात. १,००० च्या वर गेलं की दार उघडा, आणि दोन मीटिंगांमध्ये दहा मिनिटं खोली मोकळी ठेवा. ५० मिनिटांची मीटिंग ठरवायला हेही एक कारण पुरे आहे.

तापमानाची भांडणं रिमोटने मिटत नाहीत. २०१९ च्या बर्लिनमधल्या एका प्रयोगात खोली उबदार असताना स्त्रियांचे गणिताचे आणि शब्दांच्या चाचण्यांचे गुण वाढले, पुरुषांचे थोडे घटले. सगळ्यांना मानवेल असा एकच आकडा नाही. टेबलावर प्रत्येकाच्या ताब्यातला छोटा पंखा द्या आणि एसी एक-दोन अंश वर ठेवा.

उजेड मोजायचा तो टेबलाच्या पृष्ठावर, छताकडे बघून नव्हे. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) हा युरोपीय मानकातला आकडा आहे. संध्याकाळी पडदे लावूनही मोजा. पण बहुतेक तक्रारी कमी उजेडाच्या नसतात, चकाकीच्या असतात. त्यासाठी स्क्रीन बंद करा आणि नेहमीच्या जागी बसून त्या काळ्या काचेत बघा. खिडकी किंवा दिवा दिसला तर दिवसभर तो अक्षरांवर बसलेला असतो. स्क्रीन खिडकीला काटकोनात येईल असं टेबल फिरवा. खिडकी पाठीमागे नको आणि समोरही नको.

आता एक टेबल नीट लावून दाखवतो. माणशी पंधरा मिनिटं लागतात. सुरुवात कोपरांपासून. खांदे सैल सोडून हात कीबोर्डवर ठेवले की कोपर साधारण काटकोनात आले पाहिजेत, त्यासाठी खुर्ची वर-खाली करा. मग पाय बघा. बहुतेक टेबलं ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच, न हलणारी असतात. उंचीने कमी असलेल्या माणसाने खुर्ची कोपरांसाठी वर घेतली की पाय लोंबकळतात आणि मांडीखाली कड रुतते; त्याला पायाखाली चौरंगासारखं काही द्या. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची पोटरी यांत दोन-तीन बोटांची जागा हवी. खुर्चीच्या पाठीचा फुगवटा कमरेच्या खोलगट भागात. शेवटी स्क्रीन: हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकी दूर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर, आणि वरची कड डोळ्यांच्या रेषेत. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली, नाहीतर तो माणूस हनुवटी वर करून दिवस काढतो. लॅपटॉपवर यातलं काहीच जमत नाही. स्क्रीन बरोबर धरली तर कीबोर्ड हनुवटीशी येतो, कीबोर्ड बरोबर धरला तर मान खाली. उंच स्टँड, वेगळा कीबोर्ड, वेगळा माउस हे त्रिकूट लॅपटॉपच्याच मागणीपत्रात घाला. आणि ‘रोज मिळेल त्या टेबलावर बसा’ ही पद्धत असेल तर हे सगळं रोज सकाळी नव्याने करावं लागतं. कुणी करत नाही.

बदल लागू पडला की नाही हे कसं ओळखायचं? शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून दिव्यांचे प्रयोग झाले. उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, आणि ‘लक्ष दिलं की माणसं जास्त काम करतात’ असा अर्थ त्यातून काढला गेला. २०११ मध्ये ते जुने आकडे नव्याने तपासले गेले तेव्हा परिणाम सांगितला जातो तितका ठसठशीत निघाला नाही. तुमच्यासाठी यातलं घेण्यासारखं इतकंच, की पहिल्या आठवड्याच्या उत्साहावर विश्वास ठेवू नका. आधी दोन आठवडे काही न बदलता नोंदी करा. मग एकच गोष्ट बदला आणि किमान चार आठवडे थांबा. जमलं तर दुसरा एक विभाग जुन्याच पद्धतीवर ठेवा आणि मग अदलाबदल करा. मोजायच्या गोष्टी तीन: किती कामं पूर्ण झाली, प्रत्येकाला सुरुवातीपासून किती दिवस लागले, आणि किती परत दुरुस्तीला आली. किती वेळ लॉग-इन होते आणि किती कळा दाबल्या हे मोजलंत तर लोक लॉग-इन राहतील आणि कळा दाबतील. पाट्या टाकायला तेवढं पुरतं.

शेवटी शांत वेळेबद्दलच एक. लेझ्ली परलो यांनी १९९९ मध्ये एका सॉफ्टवेअर टीमवरचा असाच प्रयोग मांडला: आठवड्यातले तीन दिवस, दुपारपर्यंत एकमेकांना हाक मारायची नाही. टीमला तो आवडला, काम सरल्याचंही जाणवलं. तरी संशोधक बाहेर पडल्यावर सगळं जुन्या वळणावर गेलं, कारण शाबासकी पूर्वीसारखीच आगीत धावून जाणाऱ्यालाच मिळत राहिली. तुमच्याकडे हे वळण बहुधा तुमच्याच टेबलावरून सुरू होईल. मंगळवारी पावणेदहाला तुम्हाला काहीतरी आठवेल, आणि तुम्ही विचारलंत की उत्तर येईलच, नियम काहीही असो. तेव्हा विचारू नका. मेल लिहा, आणि पाठवायची वेळ साडेअकराची लावा.

कळावे,

कामाच्या जागा मोजणारे आणि वेळापत्रकं लावणारे आम्ही काही जण